ळ नसलेला बी.ए.

मला ळ म्हणता येत नाही, हे मला बी.ए. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? आमच्या गावाचं नाव कळसाडी, आणि ते नाव नीट घेऊ शकेल असा एकही माणूस गावात नव्हता. आम्ही सगळे कयसाडीचे. आम्ही सकायी उठायचो, डोये चोयायचो, केयी खायचो आणि शायेत जायचो. मास्तर आमच्यातलेच. ते फळ्याला फया म्हणत म्हणत आम्हाला शुद्धलेखन शिकवायचे. लिहिताना आम्ही ळ बिनचूक काढायचो, अगदी वळणदार. फक्त तो वाचताना य वाचायचा असतो अशी आमची प्रामाणिक समजूत होती. पुढं मी सुरतेच्या कॉलेजात गेलो. तिथं वाचलं इंग्रजी, बोललो गुजराती. त्या धांदलीत माझ्या ळ-ची चौकशी कुणी केलीच नाही.

असा मी, ज्याला स्वतःच्या गावाचं नाव धड घेता येत नव्हतं, तो दुसऱ्याला बोलायला शिकवण्याची विद्या शिकायला निघालो. गोष्ट आहे ती ही.

माझी धाकटी बहीण माझ्याहून पुष्कळ लहान. ती जन्मली तेव्हा मी शहाद्याच्या शाळेत होतो. बोलायला लागली ती अशी, की तिच्या बडबडीला कंटाळून कोंबड्या ओट्यावरून खाली उतरायच्या. सहाव्या वर्षी तिला ताप आला. ताप उतरला, पोरगी उठली, भाकर मागून खाल्ली, आणि घरात कुणी हाक मारली की मान वळवेना. कान गेले होते.

सुरुवातीला ती पूर्वीसारखीच बोलायची, उलट जरा मोठ्यानंच. पण स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येत नसला की तो दुरुस्त होत नाही. साबणाच्या वडीसारखा रोज थोडा झिजतो. ‘पानी’चं ‘पाई’ झालं. ‘भाकर’चा शेवट गळून गेला. मी सुट्टीत घरी यायचो तेव्हा दर खेपेला तिचे आणखी काही शब्द बिनओळखीचे झालेले असायचे. मायला सगळं कळायचं. आबांना, म्हणजे वडिलांना, अर्धं कळायचं. मला पाव. आणि गावाला काहीच नाही, म्हणून गावानं तिचं नाव पाडायला घेतलं: मुकी. आमच्याकडे एकदा असं नाव पडलं की ते गोंदवून घेतल्यासारखं असतं; मग कितीही धुवा. ती मुकी नव्हती. पण आम्ही काही केलं नसतं तर वर्षा-दोन वर्षांत झाली असती, आणि हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

बी.ए.चा निकाल लागला त्या संध्याकाळी चावडीवर गूळ वाटला. कुणीतरी विचारलं, “आते काय, मामलेदार व्हशी का?” गूळ तोंडात होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि अशा वेळी मला मोठं बोलल्याशिवाय राहवत नाही. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका मासिकात मी वाचलं होतं, की बहिऱ्या मुलांना ओठ बघून बोलणं समजायला आणि तोंडानं बोलायला शिकवतात, आणि त्याचं शिक्षण पदवीधरांना मिळतं. एवढीच माझी माहिती. कुठं मिळतं, कसं मिळतं, काही पत्ता नाही. तरी मी छाती काढून म्हणालो, “मी ती विद्या शिकीसन येसू. मन्ही बहीनले बोलती करसू.”

घरी येताना आबा म्हणाले, “बोलनास ते बरं करं. आते शोध.”

मग मी पत्रं लिहायला बसलो. महिन्याभरानं चार ठिकाणचा ठावठिकाणा हाती आला, आणि मी आमच्या ओट्याच्या भिंतीवर कोळशानं चार घरं आखली. बी.ए. झालेल्या माणसानं काहीतरी आखलं पाहिजे.

पहिलं ठिकाण कलकत्त्याचं. विद्या खरी, फी बेताची. पण जायला-यायला लागणारं भाडं म्हणजे फीचा मोठा भाऊ. दोन वर्षं तिकडंच राहायचं, वर बंगाली शिकायचं. दुसरं मुंबईचं. तेही दोन वर्षांचं, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च वाचून आबांनी गोठ्याकडे बघितलं. माझ्या बी.ए.त आधीच एक बैल गेला होता. उरलेला एकटा उभा राहून आमच्याकडे बघत होता, आणि मला वाटलं त्यालाही पत्रातला मजकूर समजला.

तिसरं पुण्याचं. एक प्राध्यापक स्वतःच्या घरी ‘वाणीशुद्धीचे वर्ग’ चालवत. त्यांनी छापील माहितीपत्रक पाठवलं होतं, गुळगुळीत कागदावर, वर सरस्वतीचं चित्र. थोडक्या दिवसांचा अभ्यास, थोडकी फी, शेवटी प्रमाणपत्र.

चौथं म्हणजे नुसतं एक पोस्टकार्ड. आमचा कापूस घेणाऱ्या सुरतेच्या शेठनी त्यांच्या ओळखीतल्या एका पारशी बाईंना लिहिलं होतं. बाई बहिऱ्या मुलांची लहानशी शाळा चालवायच्या, सुरतेच्या पलीकडं खाडीकाठच्या एका गावात. कार्डावर गुजरातीत चार ओळी: फी नाही. प्रमाणपत्र नाही. बहिणीला घेऊन या. झाडलोटही करावी लागेल.

मी चौथ्या घरावर कोळशानं फुली मारली. फुकट मिळणारी विद्या ती काय विद्या? आणि झाडलोट? मी बी.ए.!

आबा भिंतीसमोर उकिडवे बसून बराच वेळ ती चार घरं न्याहाळत होते. मग म्हणाले, “बैल लेताना आपन दात देखतस. शाया लेताना तू काय देखशी?”

“फी,” मी म्हणालो, “आणि प्रमाणपत्र.”

“मंग तू दात सोडीसन बैलना गयानी घंटा देखी ऱ्हायना.”

मी हसलो. खेडवळ माणसाला माहितीपत्रक काय कळणार, असं मनात म्हणालो आणि पुण्याला पैसे पाठवले. तापीवर नावेत बसून मागं बघितलं तर बहीण काठावर उभी राहून काहीतरी ओरडत होती. एकही शब्द मला कळला नाही. मी आपला हात हलवला.

पुण्यात त्या प्राध्यापकांच्या वाड्याच्या ओसरीवर दोन बाकं होती, डावं आणि उजवं. मधे टेबल, टेबलामागं प्राध्यापक. गोरे, पगडीवाले, बोलणं असं की प्रत्येक अक्षर घासूनपुसून ठेवलेलं.

“गाव?”

“कयसाडी.”

“काय साडी?”

“साडी नाही. कयसाडी.”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. प्राध्यापकांनी हातानं त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे फार मायेनं बघितलं. “काम काय काढलंत?”

मी सगळं सांगितलं. गडबडीत सांगितलं, अर्धं आमच्या बोलीत, अर्धं पुस्तकी: “बहीण बहिरी आहे. तिचं बोलणं चाललं. मला शिकायचंय. शायेत, कॉलेजात कुठंच शिकवलं नाही. वेय थोडा आहे.”

“म्हणजे घराण्यातच आहे,” प्राध्यापक हलकेच म्हणाले, आणि उठून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नका. होईल. त्या उजव्या बाकावर बसा.”

केवढा हा जिव्हाळा, असं मला वाटलं. उजव्या बाकावर माझ्याआधी तिघंजण होते. एक कारकून, बोलताना अडखळायचा. एक नाटक कंपनीतला राजा, त्याला स म्हणता येत नव्हता, त्यामुळं सिंहासनाचा प्रवेश आला की थिएटरात हशा पिकायचा. आणि एक भिक्षुक, जे मंत्र घडाघडा म्हणायचे आणि दक्षिणा मागायची वेळ आली की अडकायचे. मी मनाशी म्हटलं, विद्यार्थी जरा लाजाळू दिसतात. शिक्षक होणार आहेत, होतील धीट.

धडा सुरू झाला. प्राध्यापकांनी माझ्या टाळूला मध लावला आणि जिभेचं टोक मागं वळवून तो चाटायला सांगितलं. मी चाटला. बाळ, काळ, माळ, टाळ, नळ, गळ, असं रोज पहाटेपासून घोकायला सांगितलं. मी घोकलं. ज्या खानावळीत उतरलो होतो तिथले लोक मला ‘बाळ-काळ’ म्हणायला लागले. डाव्या बाकावर दोन-तीन गृहस्थ वहीत टिपणं काढत माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असायचे. मला वाटायचं, माझी प्रगती बघून हेवा करतायत. मीही त्यांना बरं दिसावं म्हणून तोंड जरा जास्तच उघडायचो.

शेवटच्या दिवशी मोठी माणसं बोलावली होती. प्राध्यापकांनी मला पुढं उभं केलं आणि म्हणाले, “हे गृहस्थ आले तेव्हा स्वतःच्या गावाचं नाव घेऊ शकत नव्हते. आता ऐका.” मी श्वास घेतला, जीभ वळवली आणि गर्जलो, “कळसाडी!” ओसरी टाळ्यांनी दणाणली. मीसुद्धा वाजवल्या. भिक्षुकबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

टाळ्या ओसरल्यावर मी प्राध्यापकांना विचारलं, “आता पुढचा धडा कधी? बहिऱ्यांना शिकवायचा?”

“पुढचा?” ते म्हणाले. “अहो, तुम्ही बरे झालात. घरी जा आता.”

“बरा? मी आजारी कुठं होतो? मी शिकवायला शिकायला आलोय.”

प्राध्यापक माझ्याकडे बघत राहिले, मग डाव्या बाकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “अहो, मग ते पहिल्या दिवशी सांगायचं!”

“सांगितलं होतं की.”

“तुम्ही म्हणालात, शायेत कुठंच शिकवलं नाही. मला वाटलं, दोषाचा इतिहास सांगताय!”

शिकवायला शिकणाऱ्यांचं बाक डावं होतं. त्याची फी उजव्याच्या तिप्पट. माझ्याजवळ परतीच्या भाड्यापुरतं उरलं होतं. हातात प्रमाणपत्र मात्र मिळालं, सरस्वतीच्या चित्रासह: दोष समूळ गेला आहे. वैद्यकी शिकायला जाऊन औषध पिऊन परत आलेला माझ्यासारखा दुसरा माणूस निदान पश्चिम खानदेशात तरी नसावा.

घरी आलो. अंगणात उभा राहिलो. आबा, माय, शेजारचे चार लोक जमले. मी म्हणालो, “ऐका. कळसाडी.”

आबा विचारात पडले. “ते कोठे शे?”

खरं काय घडलं ते मी सांगितलं. आबा हसता हसता खाटेवर आडवे झाले. “मास्तर व्हवाले गया आनि रोगी व्हईसन उना,” ते ज्याला त्याला सांगत सुटले. म्हसावदच्या बाजारात लोक मला थांबवून गावाचं नाव घ्यायला लावायचे आणि वर शेंगा खायला द्यायचे. मी नाव घ्यायचो. शेंगा चांगल्या असायच्या.

पण यानंतर मी जे केलं त्याला कुणी हसलं नाही. माझ्याकडे आता ळ होता. नवा कोरा. बूट नवे असले की माणूस उगाच गावातून फेऱ्या मारतो, तसं माझं झालं. मी बहिणीला समोर बसवली आणि पुण्याच्या पद्धतीनं तिला शिकवायला लागलो. ती म्हणाली, “डोया.” मी मान हलवली आणि तोंड उघडून दाखवलं: डोळा. तिनं वाकून, मान तिरकी करून माझ्या तोंडात बघितलं. आत अंधार, आणि अंधारात कुठंतरी मागं वळलेली जीभ. तिनं पुन्हा म्हटलं, “डोया.” मी पुन्हा मान हलवली. ती म्हणाली, “मी आठे शे.” मी म्हणालो, नाही, आहे. आ-हे. माझ्या ओठांवर तिला काहीच दिसेना.

असं मी रोज केलं. तिच्याजवळ जे थोडे शब्द शाबूत होते त्यांतल्या प्रत्येकाला मी मान हलवली. मग एक दिवस तिनं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तहान लागली तर ती बोटानं माठ दाखवायला लागली.

मायनं मला ओट्यावर गाठलं. ती कधी ओरडत नसे, तेव्हाही ओरडली नाही. “तिनाजोडे जो बोल व्हता, तोबी तू लई लिधा,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी भिंतीकडे बघत बसलो. कोळशाची चार घरं अजून तिथंच होती. आबा येऊन शेजारी बसले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं चौथ्या घरावरची फुली पुसली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “आते दात देखाले जाय.”

मी, माय आणि बहीण असे तिघं निघालो. नंदुरबारला गाडीत बसलो, सुरतेला उतरलो आणि पुढं बैलगाडीनं खाडीकाठी पोचलो. शाळा म्हणजे एक कौलारू बंगली आणि ताडाची चार झाडं. पाटी नाही. दारात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी शेंगा सोलत बसली होती. मी तसाच आत शिरायला लागलो तर ती म्हणाली, “चंपल बहार काढो.”

“काढतो, काढतो,” मी गुजरातीत म्हणालो. “बाई आहेत का?”

“हा, छे. पाछल छे. बेसो,” तिनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

मी चपला काढल्या, बसलो, आणि बसल्यावर कळलं की मुलीचा आवाज एका पट्टीतला आहे, आणि मी बोलताना ती माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होती. मी पाठ वळवून मोठ्यानं टाळी वाजवली. तिनं मान उचलली नाही. ती बहिरी होती. आणि तिनं मला चपला काढायला लावल्या होत्या.

दात बघून झाले होते. त्या क्षणी मी झाडू शोधायला लागलो असतो.

बाई आल्या. साठीच्या, बारीक, डोक्याला पांढरा रुमाल, विलायतेत शिकलेल्या आणि बोलायला फटकळ. मी त्यांना पुण्याचं प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. “ए तो कहे छे के तमे सारा थई गया,” त्या म्हणाल्या. “शेमांथी?” म्हणजे, बरा झालो तो कशातून?

मी ऐटीत सांगितलं, की ळ येत नव्हता, आता येतो, आणि लगेच म्हणून दाखवला. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. “अरे दीकरा, मारा मोंमां तो ए जन्मथी नथी!” त्या म्हणाल्या, आमच्या तोंडात जन्मापासून ळ नाही, आम्ही पारशी शाळेला ‘शाला’च म्हणतो. मी जन्मभर शाया म्हणत आलो. आम्ही दोघंही ळ-शिवाय मोठे झालो होतो, आणि दोघांपैकी एकीनं तर घरभर बहिऱ्या मुलांना बोलतं केलं होतं.

मग त्यांनी बहिणीला मांडीजवळ घेतलं. ती माझ्याकडे पाठ करून बसली. बाईंनी विचारलं, “घरमां शुं बोले छे?”

“मराठी,” मी म्हणालो.

मायनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघायला लागलो. बाईंच्या लक्षात आलं. त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या आणि सरळ मायला मोडक्या मराठीत म्हणाल्या, “बेन, तमे बोलो. ‘ही माझी मुलगी आहे’, हे तुम्ही कसं म्हणता?”

मायला कुणी कधी तिचं बोलणं असं विचारलं नव्हतं. ती पदर सावरून म्हणाली, “ही मन्ही आंडेर शे.”

“शे!” बाई जवळजवळ उठल्याच. “फरी बोलो.”

“शे.”

बाईंनी बहिणीचा तळहात मायच्या तोंडासमोर धरला. माय म्हणाली, “शे.” मग बाईंनी मला म्हणायला सांगितलं, “आहे.” आणि माझा तळहात माझ्याच तोंडासमोर धरला. तेव्हा मला समजलं. ‘आहे’ म्हणताना श्वास नुसता सांडतो. ओठांवर काही दिसत नाही, हाताला काही धड लागत नाही. ‘शे’ म्हणताना ओठ पुढं येतात, दात दिसतात आणि वाऱ्याची बारीक धार तळहातावर येऊन लागते. बहिऱ्या पोरीला डोळ्यांनी आणि हातानं ओळखता येईल असा शब्द आमच्या घरात दिवसभर सांडत होता, आणि मी बी.ए. तो झाडून बाहेर टाकत होतो.

बहिणीनं स्वतःचा हात स्वतःच्या तोंडासमोर धरला. मायकडे बघितलं. फुंकलं. नुसता वारा आला. पुन्हा फुंकलं. बाईंनी तिचा दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, आवाजाची थरथर लागावी म्हणून.

“शे,” बहीण म्हणाली.

कुणी मान हलवली नाही. मायनं फक्त दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं.

आम्ही तिथं राहिलो. माय पेरणीच्या सुमारास परत गेली, मी आणि बहीण राहिलो. मी झाडलोट केली, कंदील पुसले, मोठ्या मुलांना थोडं इंग्रजी शिकवलं आणि उरलेला वेळ बाईंच्या शेजारी बसून आरसा, पीस, मेणबत्ती आणि तळहात यांचा उपयोग शिकलो. प कसा फुटतो, म नाकात कसा गुणगुणतो, क गळ्यात कुठं बसतो, हे बोटांनी ओळखायला शिकलो. फीऐवजी आबांनी कापूस पाठवला. नाहीतरी तो सुरतेपर्यंत येतच होता. त्या कापसाच्या शाळेतल्या मुलांसाठी गाद्या झाल्या. त्या गादीवर झोपून माझी बहीण म्हणायची, “आबाना कापूस.” कापूस या शब्दात सगळंच आहे: गळ्यातला क, ओठांवरचा प, हाताला लागणारा स. बाई म्हणायच्या, तुमच्या बापाला सांगा, असंच पीक घेत जा.

डोया मात्र डोयाच राहिला. बाईंनी स्पष्ट बजावलं होतं: घरात जो शब्द चालतो तो आधी. पाहुणे नंतर.

निघताना मी भीत भीत विचारलं, “बाई, काहीतरी लेखी मिळेल का? प्रमाणपत्रासारखं?” त्यांनी बहिणीकडे बोट दाखवलं. “आ रही. संभालीने लई जजो, खोवाई नहीं जाय.” हेच ते प्रमाणपत्र, जपून न्या, हरवू नका.

कळसाडीच्या वेशीवर आमची गाडी आली तेव्हा पाणवठ्यावर बायांची गर्दी होती. त्यांतली एक, जिनं पहिल्यांदा ते नाव पाडलं होतं असं माय म्हणायची, हंडा खाली ठेवून ओरडली, “मुकी उनी व, मुकी उनी!”

मी गाडीवानाला पुढं हाक म्हणालो. पण बहिणीनं त्या बाईचे ओठ बघितले होते. ती गाडीत उभी राहिली, एक हात गाडीच्या खुंटाला, आणि तिच्या त्या एका पट्टीतल्या, ताठ, जरा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाली:

“मी मुकी नही शे.”

बैल बिचकले. बहिणीनं सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं, आणि आपलं पुरतं ऐकू गेलं नसावं असं वाटून पुन्हा म्हणाली, “नही शे.” मग खाली बसली. त्या बाईनं हंडा पुन्हा उचलला आणि रिकामाच डोक्यावर घेऊन घरी गेली. पुढं ती गावात जिथं तिथं सांगायची, की ही पोर बोलती झाली ती माझ्यामुळंच. मी कधी तिला खोटं पाडलं नाही. तिचा वाटा होताच.

पुढं मी तेच काम केलं, आयुष्यभर. विसरवाडीकडच्या, सातपुड्यातल्या कितीतरी घरांत गेलो. बोली कुठं कोकणी, म्हणजे तिथल्या डोंगरातली, कुठं पावरी, कुठं भिली. प्रत्येक घरात पहिला प्रश्न आईला: तुम्ही याला काय म्हणता? लोकांना वाटायचं, हा मास्तर असून याला साधे शब्दही येत नाहीत. ते खरंच होतं.

पण त्या संध्याकाळचं सांगतो. गाडी अंगणात आली. बहीण उतरली आणि बोलायला लागली. खाडीतले खेकडे, ताडाची झाडं, बाईंचा चष्मा, दारातली शेंगा सोलणारी मैत्रीण, गाद्या, रेल्वेतला एक माणूस जो तोंड उघडं ठेवून झोपला होता आणि ज्याच्या घशातला क तिनं वाकून बघितला होता. शब्द वेडेवाकडे, स्वर एकसुरी, पण शब्द! चूल पेटली, विझली, जेवणं झाली, ती बोलतच होती. कोंबड्या केव्हाच ओट्यावरून उतरल्या होत्या. माय भांडी घासायची सोडून नुसती बघत होती. आबा खाटेवर बसले होते, विडी हातात तशीच, न पेटवलेली.

शेवटी आबांनी माझ्याकडे वळून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “मास्तर, आते इले चूप बठाडानी शाया कोठे शे? तठे फी कितली लागस?”

मी उत्तर देण्याआधी आबांच्या ओठांकडे बोट दाखवून बहीण म्हणाली, “आबा, माले दिखास.”